गिटारच्या नेकला पाण्यावरचे कोणते फिनिश टिकते?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आहे. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात स्वतः बांधलेली गिटार वाजवायची, म्हणून नाशिकमधली हौशी मंडळी नेकचे, म्हणजे गिटारच्या दांडीचे, पॉलिश नेमके जुलै-ऑगस्टमध्ये करायला घेतात. त्यासाठी थिनर सोडून पाण्यावरच्या (वॉटर बेस) फिनिशकडे वळणे योग्यच आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत थिनरवरचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवारला, तर शेजाऱ्यांना वास आणि स्वतःच्या घरात आगीचा धोका. पण दुकानात नुसते ‘वॉटर बेस द्या’ म्हटले की काउंटरवर येणारा डबा बहुतेक वेळा दारासाठी, कपाटासाठी किंवा बाहेरच्या कठड्यासाठी बनवलेला असतो. नेकवर तो काही महिन्यांतच अंगठ्याला चिकटू लागतो आणि मग ‘पाण्याचे पॉलिश टिकत नाही’ असा बोभाटा होतो. योग्य प्रकार निवडला आणि त्याला वाळायला पुरेसे दिवस दिले, तर ते वर्षानुवर्षे टिकते. निवड कशी करावी आणि नाशिकच्या हवेत ते कसे मारावे, हे कळवण्यासाठी हे पत्र.

नेकची मागणी इतर लाकडी सामानापेक्षा वेगळी असते. जेवणाच्या टेबलावर पाणी सांडते आणि पुसले जाते. नेकवर मात्र तळहात आणि अंगठा तासभर दाबून सरकत राहतात. अंगाची ऊब, घामातले मीठ आणि आम्ल, त्वचेचे तेल हे सगळे एकाच पट्ट्यात मुरते. सॅनिटायझर लावलेले हात आणि डासांचे मलम यांची भर पडते. या दोन्हींमुळे बरीच फिनिशे मऊ होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले चपडीचे, म्हणजे लाखेचे, स्पिरिट पॉलिश देखणे असते आणि घरच्या घरी दुरुस्तही करता येते. तंबोऱ्याच्या दांडीवर हात नुसता टेकतो, तिथे ते शोभते. गिटारच्या नेकवर, नाशिकच्या एप्रिल-मेच्या घामात, वरचा थर म्हणून चपडी पुरत नाही. खालचा थर म्हणून मात्र ती उत्तम, त्याबद्दल पुढे लिहितो.

पाण्यावरच्या फिनिशमध्ये रेझिन पाण्यात विरघळलेले नसते, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना भिडतात आणि डब्यातच मिसळलेले थोडेसे संथ उडणारे द्रावक त्यांना मऊ करून एकजीव करते. बुंदी गरम असतानाच लाडू वळतो, गार झाली की ती सुटी राहते, तसाच हा प्रकार आहे. हवा फार थंड असेल तर कण जुळत नाहीत. फार दमट असेल तर पाणी मागे राहते आणि द्रावक आधी निघून जाते. दोन्ही वेळा वरून वाळलेला दिसणारा थर आतून कच्चा असतो. नेक चिकट होण्याची निम्मी कारणे इथेच सापडतात.

आता डब्यात काय असते ते पाहू. सगळ्यांत स्वस्त ते निव्वळ अ‍ॅक्रिलिक. ते पारदर्शक असते, पिवळे पडत नाही, पण उष्णतेने आणि तेलाने मऊ होते. बॉडीला चालेल, नेकला नको. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेन यांचे मिश्रण त्याच्या वरचे, तरी नेकसाठी काठावर पास. खरी सुरुवात होते ती स्वतःच जाळे बांधणाऱ्या सिंगल पॅक (एकाच डब्यातल्या) पॉलियुरेथेनपासून. यात पाणी गेल्यावर रेझिनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधाने जोडल्या जातात, म्हणून घाम आणि स्पिरिट यांना ते बऱ्यापैकी तोंड देते. सगळ्यांत चिवट म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचे टू पॅक. बॅडमिंटन-बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टावर बुटांची घासाघीस सोसणारे पाण्यावरचे लॅकर याच जातीचे असते.

दुकानात एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडे नुसते ‘पीयू’, म्हणजे पॉलियुरेथेन, म्हटले की थिनरवरचे टू पॅक पीयू दिले जाते. पाण्यावरचे हवे हे स्पष्ट सांगा आणि कंपनीचे टेक्निकल डेटा शीट मागा. ते कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. त्यात तीन गोष्टी बघायच्या. घन भाग, म्हणजे वाळल्यावर उरणारा भाग, ३० टक्क्यांच्या पुढे आहे का, वापर फर्निचर किंवा फरशीसाठी सांगितला आहे का, आणि अल्कोहोल, तेल, घाम यांना टिकण्याबद्दल काही लिहिले आहे का. ‘एक्स्टीरिअर’ लिहिलेला डबा जास्त मजबूत असणार असे वाटते, आणि घोळ तिथेच होतो. उन्हा-पावसात लाकूड फुगते, आकसते. त्याच्याबरोबर ताणले जावे म्हणून बाहेरचे फिनिश मुद्दाम मऊ ठेवलेले असते. तो मऊपणा नेकवर चिकटपणा होऊन बाहेर येतो.

आमची शिफारस सरळ आहे. पहिल्यांदाच करत असाल तर जाळे बांधणारे सिंगल पॅक पाण्यावरचे पीयू घ्या. रोज दोन-तीन तास वाजवणाऱ्याची किंवा खूप घाम येणाऱ्या हातांची गिटार असेल तर टू पॅक. खालचे थर ग्लॉसचे (चकचकीत) आणि फक्त शेवटचा सॅटिनचा (मंद चमकेचा). सॅटिनमध्ये चकाकी कमी करणारी सिलिकाची पूड असते. तिचे पाच-सहा थर चढले की लाकडाचे रेषे धुरकट दिसतात. शेवटपर्यंत ग्लॉस ठेवला तर घामेजलेला अंगठा अडकतो. सॅटिनचा डबा तळापासून ढवळा, कारण पूड खाली बसते, पण डबा जोराने हलवू मात्र नका. हलवल्याने फेस होतो आणि त्याचे बुडबुडे थरात अडकतात.

लाकडाबद्दलही सांगायला हवे. मेपल आणि हळदू यांना पाण्यावरचे फिनिश छान बसते. सागवान आणि शिसव यांच्यातले तेलकट, रंगीत अंश पाण्याबरोबर वर येतात. थर पिवळा-तपकिरी डागाळतो किंवा नीट धरत नाही. अशा लाकडाला सीलर, म्हणजे फिनिशखाली लाकूड बंद करणारा थर, हवाच. शिसवाच्या फ्रेटबोर्डला, म्हणजे तारांखालच्या बोटे दाबायच्या पट्टीला, फिनिश लावायचेच नाही, तो टेप लावून झाकायचा. मेपलच्या फ्रेटबोर्डला मात्र लावावे लागते, नाहीतर बोटांखाली तो काळा पडतो. फ्रेटबोर्डला तेल लावायचे असेल तर फिनिश पूर्ण वाळल्यावरच. आधी लावलेले तेल कडेने झिरपते आणि तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो.

नेक १२०, १५०, १८० आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेने घासा आणि तिथेच थांबा. त्याहून बारीक पेपरने लाकूड तुकतुकीत होते आणि पहिल्या थराला पकड मिळत नाही. मग स्वच्छ फडके डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, भिजवून पिळा आणि नेक पुसा. लाकडाची लव उठते. दोन-तीन तास वाळू द्या आणि ३२० च्या पेपरने, अगदी हलक्या हाताने, नुसती उठलेली लव कापा. ही पायरी टाळली तर पहिल्या कोटनंतर नेक खरखरीत होते आणि ती गुळगुळीत करता करता सगळा कोट घासून निघतो.

सीलर म्हणून मेण काढलेली चपडी. साध्या चपडीत साधारण ३ ते ५ टक्के मेण असते आणि पाण्यावरचे फिनिश मेणावर धरत नाही. हीलजवळ, म्हणजे नेक बॉडीला जिथे जोडतात तिथे, पापुद्रे निघतात ते बहुतेक याच कारणाने. मेणविरहित चपडी मिळाली नाही तर १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडी विरघळवून काचेच्या बाटलीत काही दिवस न हलवता ठेवा. मेण तळाशी बसते, वरचे स्वच्छ द्रावण अलगद काढून घ्या. त्याचे दोन पातळ हात फडक्याने द्या, मध्ये तासभर. मेपलला यामुळे हलका मधाळ रंगही येतो. नाहीतर पाण्यावरच्या फिनिशखाली मेपल पांढरटच दिसते. दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरने हलके घासा. टू पॅक वापरणार असाल तर मात्र त्याच कंपनीचा सीलर घेणे जास्त सुरक्षित.

ब्रश एक इंची, नायलॉनच्या केसांचा. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पिऊन फुगतो आणि रेघा ओढतो. फिनिश नायलॉनच्या जुन्या पायमोज्यातून गाळून वाटीत घ्या, डब्यात ब्रश बुडवू नका आणि वाटीतले उरलेले परत डब्यात ओतू नका. नेकची मागची बाजू आणि हेडस्टॉक (खुंट्या बसतात ते टोक) मिळून क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस सेंटिमीटर भरते. ओला थर एक दशांश मिलिमीटरचा धरला तर एका कोटला ७ मिलिलिटर लागतात. सहा कोटांना ४२, ब्रशमध्ये आणि वाटीत वाया जाणारे धरून १०० मिलिलिटर पुष्कळ झाले. एक लिटरचा डबा आणून तो संपवायच्या नादात जाड थर चढवणे हे फार महागात पडते. चार जणांनी एक डबा वाटून घ्यावा आणि काठोकाठ भरलेल्या लहान बाटल्यांत ठेवावा.

दाट वाटले तर डिस्टिल्ड पाणी फार तर ५ टक्के घाला. ब्रश हीलपासून हेडस्टॉककडे एका लांब ओढीत न्या आणि मागे वळून पुन्हा फिरवू नका. दोन-तीन मिनिटांत थर ओढ धरतो आणि परत लावलेला ब्रश त्यात खाचा पाडतो. हीलच्या बोल्टच्या भोकांत लाकडी पट्टी स्क्रूने बसवली की धरायला मूठ होते. ट्रस रॉडचा (नेकमधल्या सळीचा) फिरवायचा नट, तारा टेकवायची पट्टी बसवायची खाच आणि बोल्टने जोडायच्या नेकचा जो भाग बॉडीच्या खोबणीत बसतो तो, हे तिन्ही टेपने झाका. खोबणीतल्या भागावर सहा कोट चढले तर नेक बसताना बॉडीचा रंग तडकतो. ट्युनरच्या (खुंट्यांच्या) भोकांत थर साठला तर रीमरने, म्हणजे भोक हाताने खरवडायच्या अवजाराने, काढा. ड्रिल घातले की भोकाच्या कडेचा थर उडतो. शेवटच्या कोटनंतर टेप थर पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, आणि आधी ब्लेडने कडेला हलकी रेघ मारा.

कोरड्या हवेत दोन कोटांमध्ये दोन ते तीन तास पुरतात आणि दिवसाला दोनच कोट द्यावेत. रात्रभर थांबलात तर दुसऱ्या दिवशी ३२० किंवा ४०० ने घासल्याशिवाय पुढचा कोट देऊ नका. एनसी लॅकरचा नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो. पाण्यावरच्या फिनिशचा वाळलेल्या थराशी तसा मिलाफ होत नाही, नवा थर जुन्याच्या ओरखड्यांवरच पकड धरतो. त्यामुळेच शेवटच्या कोटला घासताना तो फुटून खालचा दिसू लागला तर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे वेडेवाकडे वलय उमटते. ते पॉलिशने जात नाही. हलके घासून पूर्ण नेकला आणखी एक कोट द्यावा लागतो. एका गोष्टीला सक्त मनाई: स्टील वूल. त्याचे तुकडे थरात अडकतात आणि पुढच्या कोटमधल्या पाण्याने गंजून काळे ठिपके पडतात. त्याऐवजी नायलॉनचा स्क्रब पॅड वापरा. सिलिकॉन असलेले गाडीचे पॉलिशही त्या खोलीत नको, फिनिश जागोजागी फाकून वाटोळे खड्डे पडतात.

आता नाशिकची हवा. १८ ते ३० अंश तापमान आणि ६५ टक्क्यांच्या आत आर्द्रता हवी. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे आपल्याकडचे सर्वांत चांगले दिवस. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खालीही जातो आणि शहरातही रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते. तेव्हा काम अकरा ते तीनमध्ये करा आणि नेक रात्री गच्चीवर ठेवू नका. मे महिन्यात दुपारी थर इतका झटकन ओढतो की ब्रशच्या रेघा मिटायला वेळच मिळत नाही, म्हणून काम सकाळी लवकर.

पावसाळ्यात थांबता येत नसेल तर एक साधा उपाय आहे. नेक उभी टांगता येईल एवढी प्लायवूडची पेटी करा, खाली-वर भोके ठेवा आणि तळाशी साधा फिलामेंटचा बल्ब लावा. २५ अंशांवर ८५ टक्के असलेली आर्द्रता तीच हवा ३० अंशांपर्यंत तापवली की सुमारे ६३ टक्क्यांवर येते. भोके बुजवू नका, नाहीतर थरातून निघालेली वाफ आतच कोंडते. आत एक डिजिटल आर्द्रतामापक टांगा, तो काही शे रुपयांत मिळतो. चपडीचे ओले थर मात्र या पेटीत कधीही ठेवू नका, स्पिरिटची वाफ पेट घेते. पावसाळ्यात कोटांमधले अंतर पाच-सहा तासांवर न्या. थर दुधाळ दिसत असेल तर आत पाणी आहे. तो स्वच्छ होईपर्यंत पुढचा कोट नाही. घाईने झाकलात तर ती सफेदी कायमची राहते.

वाळणे वेगळे आणि पिकणे वेगळे. तासाभरात हाताला कोरडा लागणारा थर पूर्ण पिकायला तीन ते चार आठवडे घेतो. तोवर गिटार रबराच्या स्टँडवर टेकवू नका, ठसा उमटतो. तारा चढवून वाजवायची घाई असेल तर निदान दहा दिवस थांबा आणि वाजवून झाल्यावर नेक कोरड्या फडक्याने पुसा. चार आठवड्यांनंतर १५०० नंबरचा वॉटर पेपर किंवा बारीक नायलॉन पॅड नेकच्या लांबीने हलका फिरवला की हात सरकतो. चिकटपणा घालवायला मेण चोळू नका. मेण घामाने ओघळते आणि पुढे दुरुस्तीचा कोट धरू देत नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी नेकच्याच लाकडाच्या तुकड्यावर चाचणी घ्या. तोच सीलर, तेवढेच कोट, आणि चार आठवडे. मग अर्धी वाटी पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चार थेंब व्हिनेगर घालून त्यात कापूस भिजवा, तुकड्यावर ठेवून वर स्टीलची वाटी उपडी घाला, रात्रभर. हे घामापेक्षा मुद्दाम खारट केले आहे. सकाळी पुसून अंगठ्याचे नख दाबा. खूण राहिली तर तो डबा नेकसाठी नाही. सॅनिटायझरचा थेंब एक मिनिट ठेवून पुसा, डाग किंवा ओढ जाणवता कामा नये. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, वर दोन किलोचे वजन ठेवून उबदार जागी रात्रभर राहू द्या. सकाळी ते चटकन सुटले पाहिजेत. शेवटी ब्लेडने एक-दोन मिलिमीटरच्या अंतरावर उभ्या-आडव्या सहा रेघा मारून टेप चिकटवा आणि ओढा. चौकोन निघून आले तर दोष वरच्या फिनिशचा नाही, सीलरचा किंवा न घासलेल्या थराचा आहे.

टू पॅकच्या हार्डनरबद्दल गांभीर्याने लिहावेसे वाटते. पाण्यावरचे म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. बहुतेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, आणि त्याने दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. नायट्राइलचे हातमोजे, सेंद्रिय वाफांच्या काडतुसाचा मास्क आणि उघड्या खिडक्या हे किमान. घरात ते ब्रशनेच लावा, फवारू नका. प्रमाण डब्यावर दिलेले तेच, अंदाजाने नाही. एका वेळी २० मिलिलिटरच बनवा आणि त्यासाठी सुईविना सिरिंज वापरा. मिश्रण साधारण दोन-चार तासांत वापरायोग्य राहत नाही. काही डब्यांत ते दाट न होताच निकामी होते, म्हणून घड्याळ बघा, दाटपणा नको. जाड थर मारला तर हार्डनर पाण्याशीही अभिक्रिया करतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात सुईच्या टोकाएवढी भोके पडतात.

उरलेले फिनिश आणि ब्रश धुतलेले पहिले पाणी मोरीत ओतू नका. आपल्या नाल्यांचे पाणी शेवटी गोदावरीतच जाते. जुन्या वर्तमानपत्रांवर पसरून वाळवा आणि घट्ट झाल्यावर कचऱ्यात द्या.

शहरातल्या रंगविक्रेत्यांना आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या. शक्य तिथे पाण्यावरच्या पीयूचे पाव लिटरचे पॅकिंग ठेवा, आणि प्रत्येक डब्याबरोबर डेटा शीटची छापील प्रत द्या. ग्राहकाने ‘नेकसाठी’ म्हटले तर त्याला बाहेरच्या कठड्याचा डबा देऊ नका. नसेल तर नाही म्हणून सांगा, तो ऑक्टोबरपर्यंत थांबेल.

आपले,
गिटार बांधणारे काही कारागीर,
नाशिक